दुखो न दुखो, बाजारच्या दिवशी

मल्हारी डॉक्टरांच्या तोंडून 'काही नाही' हे दोन शब्द मी अकरा वर्षांत एकदाच ऐकले, आणि तेही त्यांनी स्वतःबद्दल म्हटले होते. ते मी शेवटी सांगते. त्या दोन शब्दांचं आणि माझं काय वैर होतं, हे आधी सांगितल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही.

मी मूळची गोंदियाकडची, धानाच्या मुलखातली. आमचे मालक तेव्हा ट्रकवर होते. आमच्या गावच्या राईस मिलमध्ये माल भरायला यायचे, तिथून सोयरीक जुळली आणि मी इकडे केजला आले. माहेरी जायचं म्हटलं तर जाण्यातच दोन दिवस मोडतात. इथे भाकरी, तिथे भात. इथली मराठी मला पहिलं वर्षभर निम्मीच कळायची. शिवण तेवढं येत होतं, म्हणून पुढच्या खोलीत मशीन टाकली. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे फ्रॉक. शिक्षण आठवीपर्यंत, तेही पुरतं नाही.

आठवीत असताना आईच्या छातीखाली दुखायला लागलं. बाबा तिला तालुक्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी वर न बघता सांगितलं, "काही नाही, गॅस आहे." चार दिवसांनी परत नेलं, परत तेच. तिसऱ्यांदा आई स्वतःच जायला तयार होईना. मला म्हणाली, "मले काई नाही होत, डॉक्टर सांगून राहिला ना. तू शाळेत जा." मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत काका बोलवायला आला. घरी पोचले तेव्हा आईला अंगणात निजवलेलं होतं.

दोन धाकट्या भावांचं बघायला कुणी नव्हतं, म्हणून माझी शाळा तिथेच सुटली. पण शाळेपेक्षा मोठी गोष्ट सुटली ती वेगळीच. तेव्हापासून कुठलाही डॉक्टर 'काही नाही' म्हणाला की माझ्या डोळ्यांपुढे आईचं अंगण यायचं. दुसऱ्यांना ते शब्द ऐकून हलकं वाटतं. मला वाटायचं, आता माझी पाळी.

केजला आल्यावर हे वाढलं. कधी डोकं, कधी पोट, कधी छाती. मग मानेत एक गाठ लागली, हरभऱ्याएवढी. मी केजचे तीन डॉक्टर केले, अंबाजोगाईचे दोन, लातूरचा एक. सगळे म्हणाले, काही नाही. फोटो, सोनोग्राफ्या, रिपोर्ट यांनी एक मोठी पिशवी भरली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या शेजारणीला सांगायच्या, "लोकाच्या सुना म्हायेराला जातेत. आमची सून दवाखान्याला जाती." मालक चिडायचे नाहीत, पण तेही थकले होते. मला काय हवं होतं? गोळी नको होती, सुई नको होती. जगात एक तरी डॉक्टर असा भेटावा की त्याचं बोलणं ऐकून घरी यावं आणि ते खरं वाटावं, एवढंच.

मल्हारी डॉक्टरांचा दवाखाना एसटी स्टँडच्या मागच्या बोळात होता. सरकारी नोकरी संपवून त्यांनी तो उघडला होता. उंच, काटकुळे, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, आणि खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेली काळी घोंगडी. आडनावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. त्यांचा बाप परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचा, मेंढरं राखणारा. मेंढरं देवळामागच्या माळावर चरायची आणि हे देवळाच्या जोत्यावर बसून अभ्यास करायचे. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मला दिसलं ते एवढंच, की माझ्या मानेला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासले.

मी दचकून मागे सरले. ते म्हणाले, "हात गार हायेत. गार हात लागला की मेंढरू बिचकतं. माणूस बी बिचकतंय, फकस्त सांगत न्हाई."

मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खाली जमिनीवर ठेवली.

"ही मागून बगू. आदी तुमी सांगा."

मी सांगितलं. किती वेळ सांगितलं मलाच ठाऊक नाही. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अहो डाक्टर, आमचा बी नंबर लागंल का आज?" त्यांनी दाराकडे न बघता उत्तर दिलं, "लागंल की. तुमच्या बारीला तुमालाबी एवढाच येळ देतो." मग त्यांनी मान तपासली, काखा तपासल्या, पोट दाबून पाहिलं, वजन घेतलं. टेबलाच्या खणातून मुलांची असते तशी चाळीस पानी वही काढली, पट्टीनं दोन उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं: दिसलं. दिसलं नाही. माहीत नाही.

पहिल्या रकान्यात लिहिलं, गाठ, हरभऱ्याएवढी, बोटाखाली सरकते. दुसऱ्यात लिहिलं, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, दुसरीकडे गाठ नाही. तिसऱ्यात लिहिलं, कशानं आली.

मी विचारलं, "म्हणजे काही नाही ना डॉक्टर?"

"काही न्हाई कावून म्हणू? गाठ हाय की. तुमाला लागायली, मलाबी लागली. हाय त्याला न्हाई कसं म्हणायचं?"

"मग कशानं आली?"

"ते मला म्हाईत न्हाई. तिसऱ्या घरात लिवलंय बगा. भ्यायची एक बी खूण सापडली न्हाई, ती दुसऱ्या घरात हाय. महिनाभर बगू. वाढली तर बारीक तुकडा काढून तपासू."

मी घरी येऊन मालकांवर रागावले. हा कसला डॉक्टर, तोंडानं सांगतो की माहीत नाही! मालक भाकरी मोडत म्हणाले, "चला, सात डॉक्टरांत एक तरी खरं बोलणारा निघाला."

वही माझ्याकडेच असायची. आणि त्या वहीबरोबर एक नियम आला. आठवडी बाजाराच्या दिवशी मी दवाखान्यात यायचं, दुखो न दुखो. मधे यायचं नाही. काही वाटलं तर वहीत लिहायचं आणि बाजारच्या दिवशी त्यांनी ते वाचायचं.

"आणि मधेच काही झालं तर?" मी विचारलं.

"ताप चढला, रक्त पडलं, दम लागला, छातीत दाबल्यागत झालं, तर दिवस बगायचा न्हाई, पळत यायचं. बाकी समदं बाजाराला."

"काहीच झालं नाही तर?"

"तर मंग काही झालं न्हाई म्हणून सांगायला यायचं. आजारी पडल्यावरच डॉक्टर भेटतो असं मनाला कळलं, की मन आजार काढतंय. त्याला म्हणावं, तू आजार काढ नगं काढ, बाजारला भेट हायच."

दर आठवड्याला मी हातात भाजीची पिशवी आणि काखेत वही घेऊन त्या बाकावर बसू लागले. बायका हसायच्या. "आल्या गोंदियाच्या बाई. मेथी घेतली, भेंडी घेतली, आता डाक्टर घेणार!" मीही हसायला शिकले. पहिल्या वर्षी दोन बाजारांच्या मधे मला सहा-सहा पानं लिहायला लागायची. पुढे पान, मग अर्धं पान. हरभरा पाच आठवड्यांत मुगाएवढा झाला, मग लागेनासा झाला. तरी तिसऱ्या रकान्यातलं 'कशानं आली' त्यांनी खोडलं नाही. "ते अजून बी म्हाईत न्हाई," म्हणाले.

त्या गाठीच्या दिवसांतलीच एक गोष्ट. मी सांगितलं, "डॉक्टर, गळा साडेबारा इंच होता, काल पावणेतेरा भरला."

"गळा मोजता?"

"रोज. सकाळी, दुपारी. टेप हाताशीच असते ना."

त्यांनी हात पुढे केला. टेप माझ्या पर्समध्ये असतेच. मला वाटलं, काढून घेतात. तर त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, मान वर केली आणि म्हणाले, "घ्या माझं माप." मी घेतलं. साडेचौदा. "परत घ्या." पावणेपंधरा. "परत." सव्वाचौदा. एकदा हात ताणला गेला, एकदा ढिला पडला, एकदा त्यांनी आवंढा गिळला.

"आता सांगा बाई, ह्या पाच मिंटात मला कोनता आजार झाला?"

बाकावरचे सगळे हसले. मी पण हसले, पण डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा त्यांनी मेंढरांची गोष्ट सांगितली. बाप आजारी पडला की कळप राखायची पाळी यांच्यावर यायची. दीडशे मेंढरं. हरवलं तर काय, या भीतीनं हे दर तासाला मोजायचे आणि दर तासाला आकडा वेगळा यायचा. रडत घरी गेले. बाप म्हणाला, मल्हारी, मेंढरं दिवस मावळताना एकदा मोजायची. सारखं मोजलं की कळपातलं एक कायम कमीच भरतं.

"तवा कपडा मोजा, गिऱ्हाईक मोजा," डॉक्टर म्हणाले. "सोताला मोजायचं न्हाई. ते काम बाजारच्या दिवशी मी करीन."

मी तो नियम पाळला. इतका पाळला की त्यातूनच पुढची गोष्ट घडली.

ते देवमाणूस होते वगैरे मी लिहिणार नाही. त्यांना राग फार लवकर यायचा. सलाईनवर तर त्यांचा दातच होता. एकदा त्यांचा शाळेतला सोबती, आता गावचा पुढारी, चार माणसं घेऊन आला आणि टेबलावर आडवा झाला. "अंगात जीव न्हाई मल्हारी. लाव की बे एक बाटली!"

"बाटली लावून तू जाशील, दुखणं हितंच बसंल. मिठाचं पाणी हाय ते. घरी मीठ सपलं का?"

"लोक काय म्हणतील बे? एवढा माणूस दवाखान्यात गेलता आणि नुसता बोलून आला?"

"मंग लोकाला लाव बाटली!"

पुढारी तणतणत गेला आणि समोरच्या दवाखान्यात बाटली लावून घेतली. दुसऱ्या आठवड्यात परत हजर. डॉक्टरांनी तळवे घासायला घेतले.

सहाव्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, माझं काळीज धडधडायला लागलं. बसल्या जागी. थंडीच्या दिवसात घाम यायचा. सुईत दोरा ओवताना हात कापायचा. मी वहीत लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, नाडी धरली, म्हणाले, "तुमची नाडी भेटीच्या वक्ताला कायमच पळती. जुनी भीती नव्या वाटंनं आली असंल. रोज चाला, चहा कमी करा." आणि दिसलं-च्या रकान्यात लिहिलं, भीती.

मला त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला आता लाज वाटते. मला वाटलं, बघा, आता मी शहाणी झाले. धडधडलं तरी पळत नाही, बाजारची वाट बघते. अंगातला ब्लाउज ढिला व्हायला लागला. तो मी टीप उसवून आत घेतला, अंदाजानं. टेप लावली नाही, कारण स्वतःला मोजायचं नाही. महिन्याभरानं परत ढिला झाला, परत आत घेतला. आणि हे वहीत लिहिलंच नाही. ते लिहिणं म्हणजेही मोजणंच, असं मला वाटलं.

त्यानंतरच्या एका बाजारी त्यांनी बीपीचा पट्टा बांधायला माझी बाही वर सरकवली आणि थांबले. चष्मा कपाळावर चढवून बाहीच्या शिवणीजवळ वाकून बघायला लागले. उसवलेल्या टिपेची भोकं कापडात राहतात, धुतली तरी लवकर बुजत नाहीत. तिथे भोकांच्या दोन ओळी होत्या.

"हे काय हाय?"

"आत घेतलाय. ढिला होत होता."

"कितींदा?"

"दोनदा."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

ते वजनकाट्याकडे गेले. काटा दिवाळीआधीच बिघडून कोपऱ्यात पडला होता, आणि मी दर आठवड्याची, म्हणून त्यांनी माझं वजन न घेताच निभावून नेलं होतं. त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर वहीचं एक कोरं पान ठेवलं. पान थरथरत होतं. मी थांबवायला गेले तर आणखी थरथरलं. मग त्यांनी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. मग खुर्चीत बसले. दार उघडं होतं, बाकावर सात-आठ माणसं होती.

"बाई, माझी चूक झाली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तुमच्या भीतीला बगत बसलो. तुमाला बगितलंच न्हाई. आणि सोताला मोजू नगा असं सांगणारा बी मीच."

त्यांनी वही ओढली, 'भीती' या शब्दावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, चूक माझी. खाली सही केली. गळ्यातल्या थायरॉईडचं दुखणं असावं, रक्त तपासून कळेल, असं सांगितलं.

मी वही घेतली आणि उठून निघाले. रक्त दिलं नाही. भाजीची पिशवी तिथेच विसरले.

तीन दिवस मी मशीनवर बसले नाही. मालक या खेपेला चिडले. "सहा वर्षं तू त्या माणसाकडं जायलीस आणि त्याला कळंना?" आत्याबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते." माझ्या मनात सगळं पुन्हा आईच्या अंगणात जाऊन उभं राहिलं. शेवटी डॉक्टर चुकतातच. मग बोळातला काय आणि तालुक्याचा काय.

चौथ्या दिवशी वही उघडून ती रेघ पाहिली आणि मला आईचा डॉक्टर आठवला. आई गेल्यावर वर्षभरानं बाबा त्याला रस्त्यात भेटले होते. मी सोबत होते. बाबांना भांडायचं नव्हतं. त्यांनी फक्त हात जोडले आणि आईचं नाव घेतलं. त्या माणसानं मान फिरवली आणि गाडीत बसून गेला. एवढी वर्षं मी समजत होते की माझा विश्वास त्यानं आईचं दुखणं ओळखलं नाही म्हणून गेला. खरं तर तो त्या रस्त्यावर गेला होता. त्यानं थांबून 'माझं चुकलं' म्हटलं असतं, तर आई परत आली नसती, पण मी लातूर-अंबाजोगाई फिरत बसले नसते. आणि इथे एक म्हातारा माणूस आठ जणांसमोर ते म्हणाला होता, सही करून, मी काही म्हणण्याआधी.

त्या दिवशी बाजार नव्हता, तरी मी गेले. माझी पिशवी त्यांनी खिडकीत ठेवली होती, मेथी वाळून गेली होती.

"रक्त घ्या," मी म्हटलं.

रिपोर्टमध्ये थायरॉईड निघाला. डॉक्टर म्हणाले, बीडला एक मॅडम आहेत, त्या या दुखण्याच्या, मी सोबत येतो. मी म्हटलं, "नको. तुम्ही आलात तर मी तुमच्यावरच विश्वास ठेवून परत येईन. मला एकटीला जमलं पाहिजे."

त्यांनी रिपोर्ट वहीत ठेवून दिला. मग म्हणाले, "तितं माजं नाव सांगू नगा. वही पुढं ठिवा. तीन घरं भरल्याबिगर उठू नगा."

सकाळच्या एसटीनं बीडला गेले. माझं नशीब असं की मॅडमनी रिपोर्ट बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? "काही नाही हो मावशी, थायरॉईड आहे, गोळ्या लिहून देते. पुढचा पेशंट!"

मी वही टेबलावर ठेवली. "मॅडम, तीन ओळी यात लिहून द्या."

"हे काय आहे? बाहेर किती गर्दी आहे बघताय ना?"

"बघते आहे. मी थांबते. सगळे झाल्यावर लिहा."

मी बाहेर थांबले. अडीच तास. पाणी प्यायला उठले नाही, न जाणो मॅडम निघून जातील. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनीच दारातून बोलावलं. आधी कपाळावर आठी होती. मग त्यांनी वहीची जुनी पानं उलटली, 'चूक माझी' या पानावर थांबल्या आणि खुर्ची जवळ ओढून सावकाश लिहिलं. काय वाढलंय, काय वाढलेलं नाही. गोळ्या चालू असताना घसा दुखून ताप आला तर लगेच रक्त तपासायचं. आणि तिसऱ्या रकान्यात: गोळ्या किती महिने लागतील, आज सांगता येत नाही.

वही परत देताना म्हणाल्या, "कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

मी म्हटलं, "मेंढरं राखणाऱ्याच्या मुलानं."

दोन महिन्यांत हात थांबला. ब्लाउजच्या टिपा मी बाहेर काढल्या, एकेक.

आता ते दोन शब्द. नवव्या वर्षी डॉक्टर स्वतः माझ्या दुकानात आले, हातात तीन पांढरे शर्ट. "बाजूनं जरा आत घ्या. ढगळ व्हायलेत." मी माप घेतलं आणि आत घेतले. अडीच महिन्यांनी तेच शर्ट घेऊन परत आले. मी शर्ट उलटा केला. माझीच जुनी टीप समोर होती आणि आता तिच्याही आत घ्यायचं होतं.

"डॉक्टर, हे दुसऱ्यांदा."

"काही न्हाई," ते म्हणाले. "वय झालं."

मी मशीनवरून उठले. लेकीच्या दप्तरातून कोरी वही काढली, माझ्या लाकडी पट्टीनं दोन रेघा मारल्या आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली. पहिल्या रकान्यात लिहिलं, शर्ट दोनदा आत घेतला, छातीत तीन इंच कमी. पेन त्यांच्याकडे दिलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. स्टुलावरची वही जरा बाजूला सरकवली. मग हळू म्हणाले, "बाई, तीन महिने झाले, पोटात उजव्या अंगाला लागायलंय. दिवसातून धा बारीला हात लावून बगायलोय. कुणाला दाखवलं न्हाई."

"कावून?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

"भ्या वाटलं."

मी म्हटलं, "डॉक्टर, मेंढरं एकदाच मोजायची. आणि दुसऱ्यानं मोजायची. उठा."

मालक तेव्हा केज-बीड जीप चालवायचे. त्यांनी त्या खेपेला वाटेत एकही सवारी घेतली नाही. जीपमध्ये डॉक्टर मांडीवर वही धरून बसले होते, पहिल्यांदा शाळेत निघाल्यासारखे. मॅडमनी त्यांना तिथल्या सर्जनकडे नेलं. आतड्यात गाठ होती. लातूरला ऑपरेशन झालं. उशीर झाला होता, पण पुरता नाही. त्यांना आणखी दोन वर्षं मिळाली, त्यातलं दीड वर्ष ते बोळातल्या खुर्चीवर बसले, तळवे घासत.

शेवटचे सहा महिने ते घरीच होते. मी जायचे, बाजारच्या दिवशी. भाजी घेऊन, अर्धा तास. पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "आज काय बरं वाटत न्हाई, बोलणं व्हणार न्हाई." मी म्हटलं, "दुखो न दुखो." त्यांना हसू आलं, पोट धरून हसले.

ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं त्यांची ती वही माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर त्यांचं अक्षर वाकडं झालेलं आहे. दिसलं: बाजाराला बाई आल्या, मेथी आणली. दिसलं नाही: आज भीती. माहीत नाही: किती दिवस.

दवाखाना आता बंद आहे. मी दर तीन महिन्यांनी बीडला मॅडमकडे जाते. रक्ताचे रिपोर्ट नीट असले तरी त्या तीन रकाने भरून देतात. आता मला मागावं लागत नाही. बाजारच्या दिवशी माझी वही वाचायला कुणी नाही, म्हणून मीच ती वाचते, स्टँडमागच्या त्याच बाकावर बसून. बाक अजून काढलेला नाही. त्यांनी पळत यायला सांगितलेल्यातलं काही झालं तर पळत जायचं, बाकी सगळं तिथे.

मी पूर्ण बरी झाले असं लिहिलं तर ते खोटं होईल. काल दुपारी छातीत जरा धडधडलं. टेप हातात होती आणि दुसरा हात आपोआप गळ्याकडे गेला. समोर गिऱ्हाइकाचा ब्लाउज पडला होता. मी ब्लाउज मोजला, खडूनं खूण केली, धडधड वहीत लिहिली आणि मशीनवर बसले.

बाजार परवा आहे.